साय काढलेलं दूध

प्रिय मायर्ना,

तुझं कंबरेचं दुखणं कसं आहे? ॲरिझोनाच्या उन्हात हाडं सुखावली असतील, पण मातीत हात घातल्याशिवाय तुझा जीव रमत असेल असं मला वाटत नाही. काल तुझ्या कॅरिनचा फोन आला होता. "अर्विडकाका, आईला आता जिने झेपणार नाहीत. इथेच राहा म्हणते मी, विस्कॉन्सिनचं घर विकून टाकू. तुम्हीच समजवा, तुमचं ऐकते ती," म्हणाली. तू माझं कधी ऐकलंस, हे मी तिला विचारलं नाही.

तुझ्या अंगणातल्या फ्लॉक्सच्या फुलझाडांवर भुरी पडली होती. कुणी पीठ झटकावं तशी पानं पांढरी. विकतची औषधं तुला चालत नाहीत, म्हणून आधी खायचा सोडा आणि थोडा साबण पाण्यात कालवून फवारला. माझा हात सढळ, पानांच्या कडा करपल्या. मग तुझा उपाय आठवला, साय काढलेल्या दुधात भरपूर पाणी घालून सकाळच्या उन्हात फवारायचं. पण माझा जन्म गेला गोठ्यात. साय काढलेलं दूध आम्ही डुकरांना घालायचो, ते घरात कुठून असणार? मी आपलं चांगलं दाट दूध फवारलं. अंगणाला असा आंबूस वास सुटला की आळीतली मांजरं पानं चाटायला हजर! कुंपणापलीकडून व्हर्ना ओरडली, "अर्विड, झाडांचं लोणी काढतोस का रे? साय काढलेलं आण मुकाट्यानं!"

आणलं बाई. दुकानात कुणी बघू नये म्हणून पावाखाली लपवून आणलं. तू कॉफीत तेच पाणचट दूध घालायचीस आणि मी तुझी टर उडवायचो. इंगा माझी बायको, पण बाजू तुझी घ्यायची, मला दटावायची, "पिऊ दे की तिला सुखानं." इंगा गेल्यावर तू रोज सकाळी कप घेऊन माझ्या पायरीवर येऊन बसायचीस. तेव्हाही मी दुधावरूनच चिडवत राहिलो, कारण दुसरं काही बोलायचं धाडसच व्हायचं नाही.

भुरी थांबली. नवा फुटवा हिरवागार आहे. घर विकलं तर नवा मालक फ्लॉक्स उपटेल, या धास्तीनं अर्धा गड्डा काढून माझ्या मागच्या खोलीच्या खिडकीखाली लावला. ती खोली तळमजल्यावर आहे. तुझ्या वॉकरसाठी दार रुंद करून घेतलंय, पायरीच्या जागी उतार केलाय. घर विक खुशाल, पण तू परत ये. पाहुणी म्हणून नाही, मायर्ना, राहायला ये. मला तू इथे हवी आहेस. फ्रिजमध्ये तुझं ते दूध आता कायम असतं. झाडांना लागत नाही, तरी मी आणतो.

तुझाच,
अर्विड