अखंड हजेरीचे मानपत्र मागे घेताना

अखंड-हजेरी-व्रतधारी, भट्टीताप-सहिष्णू, रुग्णयंत्र-धन्वंतरी, रजा-पराङ्मुख, फिटरकुलावतंस श्रीमान अण्णा यांच्या चरणी उद्यमबागेतील फौंड्रीच्या हजेरीपट-रक्षकाचा, म्हणजे टाइम ऑफिसातल्या माझा, साष्टांग दंडवत!

प्रिय अण्णा,

बिरुदावली ओळखीची वाटली ना? सलग सहा वर्षे वार्षिक समारंभात मी ती आपल्यासाठी वाचली. आज तीच यंदाच्या मानकऱ्यासाठी लिहीत होतो. तो मानकरी, पिरनवाडीचा परशराम, या क्षणी दवाखान्यात पडद्याआड आहे आणि मी बाहेरच्या बाकावर, मानपत्राच्या कोऱ्या पाठीवर, आपल्याला लिहितो आहे. अक्षराबद्दल क्षमस्व.

सकाळी तो भट्टीमागे छाती धरून बसलेला दिसला. भट्टीपाशी घाम येणे हे काही वृत्त नव्हे. पण ओठ पांढरे पडले होते.

"काय होतंय रं?"

"गॅस हाय, साहेब. कुणाला सांगू नका की वो. समारंभाला पाच दिवस राहिल्यात, हजेरी तुटंल."

अण्णा, मी त्याला तसाच गाडीत घालून दवाखान्यात आणले!

आठवते? आपल्या शेवटच्या वर्षीही समारंभ असाच चार दिवसांवर होता. आपण टाइम ऑफिसच्या खिडकीशी आलात. "डावा हात लई दुखाय लागलाय. अर्धा दिवस सोडा, दावून येतो." आणि मी, अलंकारशास्त्राचा स्वयंघोषित महामहोपाध्याय, काय वदलो? "पौर्णिमा तोंडावर आली असता चंद्रच ग्रहण मागतो की काय?" आपण हसलात. "तुमच्या तोंडाला कोण लागणार!" म्हणत परत गेलात. तिसऱ्या सकाळी, कामावर निघताना, बूट चढवता चढवता प्राण सोडलात.

रजा मी नाकारली नव्हती. केवळ विनोद केला होता. नियमपुस्तिकेत विनोदाला कलम नाही, म्हणून कुणी जाब विचारला नाही. आपल्या पत्नीने, आक्कांनीही नाही. विचारला असता तर बरे झाले असते.

पण आपणही का हसलात हो? यंत्राचा आवाज जरा बदलला की "बंद करा आधी!" म्हणून ओरडणारे आपण. यंत्राला दरमहा देखभालीचा दिवस, तेल, विश्रांती. माणसाला काय? शाल, नारळ आणि माझे समास! तो नारळ मिळावा म्हणून किती जणांनी ताप गिळला असेल? मी मोजायला धजत नाही.

आत्ताच डॉक्टर बाहेर आले. "हृदयाचंच आहे. ठेवून घेतो. आजची रात्र जाऊ दे, मग बोलू." एवढेच. मग काय बोलणार?

क्षणभर आत सोडले. परशरामच्या छातीवर तारा होत्या. त्याने डोळे उघडून पहिला प्रश्न केला, "हजेरी तुटली न्हवं?"

"तुटली," मी म्हटले.

त्याने तोंड फिरवले. मला अलंकार सुचला नाही. त्याची बायको बसने येते आहे.

अण्णा, वचन देतो. समारंभात मानपत्र वाचणार नाही. मालकांसमोर आपल्या त्या अर्ध्या दिवसाची कथा सांगेन, माझ्या विनोदासकट. आणि यापुढे खिडकीशी येऊन जो "दुखतंय" म्हणेल, तो आधी दवाखान्यात जाईल. अर्ज मागाहून येईल. मालक रुष्ट झाले, तर होवोत. परशराम तेवढा उठून बसो.

आपला अपराधी,
हजेरीपट-रक्षक वसंता

ता. क. आपल्या पश्चात कामगारांसाठी विश्रांतिकक्ष झाला. तथापि तेथील नळ इतका खाली बसवला आहे की त्याखाली पेला मावत नाही. तिरका धरावा लागतो आणि निम्मे पाणी बुटात जाते. तीन अर्ज दिले. तिन्हींवर एकच शेरा: "फिटरला सांगा." फिटरची आपली जागा अजून रिकामीच. कुणाला सांगू?