तासाभरापुरतं दार

शुक्रवार, दुपार

चि. सौ. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सातवा लागला, आता तरी नावाप्रमाणे गरगर फिरू नकोस. मावशीकडे दोन डोंगरांपलीकडे धाडलं ते पाय पसरून बसायला, तिच्या माळ्यावरची भांडी घासायला नव्हे.

इकडे ठीक. तळावर लढाऊ जहाजं इतकी दाटलीत की या डेकवरून त्या डेकवर चहाचा कप देता येईल. साहेब म्हणतात, शत्रू आठ दिवसांच्या वाटेवर आहे. असेल बापडा. पण तीन दिवस झाले, मासेमार लांब जात नाहीत. विचारलं तर म्हणाले, "खाली काहीतरी फिरतंय, दादा. जाळी कापल्यासारखी फाटून येतात."

जावईबापू माझ्या जागी रुळले. बंदराच्या तोंडावर पाण्यात सोडलेलं ते लोखंडी जाळं, त्याचं दार रहाटानं ओढायचं म्हणजे रेड्याचं काम. माझे गुडघे त्यातच गेले. परवा आमची जरा बोलाचाली झाली. कशावरून ते सोड. नवी विटी, नवं राज्य.

रविवारी त्यांची पहाटपाळी आहे. सुटले की तुला लिहितील.

तुझे
बाबा

बुधवार, सकाळ

चि. सौ. भिंगरीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तरी घे.

तुझी चिठ्ठी काल आली. आधी तुला हवं ते. जावईबापू जिवंत आहेत. डावा हात भाजलाय, मलमपट्टी झाली आहे. पण ते इस्पितळात नाहीत, कोठडीत आहेत.

रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. आधी आरसा खुंटीवरून पडला, मग आवाज आला. एक जहाज पेटलं, त्याला खेटलेलं दुसरं, मग तिसरं. पाच गेली. पाण्यावर तेल जळत होतं आणि त्यात माणसं पोहत होती. आपल्या गल्लीत नऊ घरं. पाच घरांत आता कोणी कोणाला हाक मारत नाही. जहाजांना गोडं पाणी आणणारी बोट चालवणाऱ्या सारंगाची टोपी सापडली, सारंग नाही. बायका नळावर मला बघून बादल्या अर्ध्याच भरून निघून जातात.

ती पाण्याची बोट बाहेर गेली त्या तासात शत्रूच्या पाणबुड्या आत शिरल्या. जाळ्याचं दार उघडं होतं. नोंदवहीत मात्र लिहिलंय, 'सहा वाजता बंद, सात वाजता उघडलं', खाली जावईबापूंची सही. लष्करी खटला आहे. असल्या गुन्ह्याला काय शिक्षा असते, ते मला लिहायला लावू नकोस.

दार उघडं होतं हे ऐकून तू विचारलंस, "बाबा, घराची कडी तीनदा तपासणारा माणूस असं करेल?"

नाही करणार, भिंगरे. आता त्या बोलाचालीचं ऐक.

रविवारी फक्त पाण्याची बोट बाहेर जाते. पलीकडून टाक्या भरून तासाभरात परत. तेवढ्यासाठी दार दोनदा ओढायचं? अकरा वर्षं मी ते उघडंच ठेवत आलो आणि 'बंद'ची नि पुन्हा 'उघडलं'ची अशा दोन्ही ओळी एकदमच लिहीत आलो. जावईबापूंना तेच शिकवलं. ते म्हणाले, "मामा, नोंद खोटी होते. मी लावणार दार." धक्क्यावर चारचौघं होती, सारंग होता. मला लागलं. म्हणालो, "आमच्या घरात राहता ते ठीक, आता बंदरही तुमच्या बापाचं का?"

सगळे खो खो हसले. ते मान खाली घालून रहाटाला वंगण लावू लागले. आणि रविवारी त्यांनी माझं ऐकलं.

चौकशीत त्यांनी माझं नाव घेतलेलं नाही. काल भेटायला गेलो. म्हटलं, "खरं सांगून टाका की." तर म्हणाले, "मामा, तिच्या बाळंतपणात तिला बाप हवा."

"आणि तिच्या लेकराला नको?" मी म्हणालो.

उद्या दहा वाजता मी साक्षीला उभा राहणार. बोटींवरची नावं वाचत वाचत मी अक्षरं शिकलो, शाळेची पायरी कधी चढलो नाही. त्याच अक्षरांत अकरा वर्षांच्या वह्या भरल्यात. कपाटातून काढून कोर्टापुढे मांडतो. त्यानं जावईबापू सुटतील की आम्ही दोघे आत जाऊ, मला ठाऊक नाही. खोटं वचन देत नाही. खोटं फार लिहून झालं.

तू इकडे येऊ नकोस. आज मासेमारांनी होड्या वर ओढल्यात, म्हणतात खाली पुन्हा काहीतरी फिरतंय.

जावईबापू आले तर त्यांना उंबऱ्यावर ताटकळत ठेवू नकोस. मी आलो तर कडी काढायची की नाही, ते तुझं तू ठरव.

पाकीट चिकटवलं की तीनदा तपासून टाकीन.

तासाभरासाठी ज्यानं दार लावलं नाही, तो
तुझा बाप