झोपलेल्याला उठवायचं नाही

बाबा, त्या सकाळी नळ लवकर गेला होता. दोन हंडे भरले, तिसरा अर्धाच राहिला, तेवढ्यात तू रात्रपाळीहून आलास. केसांवर, भुवयांवर पांढरा कापूस. आय कारखान्यात दुसऱ्या दिवशीच्या कांड्या, म्हणजे सुताच्या रिळा, भरायला गेली होती. मी तुला आंघोळीचं पाणी काढलं, तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. तिसऱ्या घासाला तू बसल्या जागी पेंगलास. मी तांब्या वाजवला तेव्हा कुठे पुढचा घास घेतलास. मग खिडकीला गोणपाट लावायचं, कोंबड्या मागच्या दारी हाकलायच्या, धाकट्या भावाला शेजारी सोडायचं, हे सगळं माझं काम. मी दहा वर्षांची. तू भिंतीकडे तोंड करून पडतोस आणि घोरायला लागतोस. शेजारची काकू दारातून म्हणते, काय सुखाची झोप हाय तुझ्या बापाची. मला अभिमान वाटतो.

तो शुक्रवार होता. एरवी भिंतीपलीकडच्या लूमच्या, यंत्रमागांच्या, खडखडाटात तुझं घोरणं बुडून जायचं. शुक्रवारी सुट्टी, आमच्या नारपोलीतले लूम बंद, म्हणून ते नीट ऐकू यायचं. आणि त्या दिवशी ते मधेच थांबलं. तुझी छाती धडपडल्यासारखी हलत होती, पण श्वास येत नव्हता. मी दहापर्यंत मोजलं आणि तुला गदागदा हलवलं. तू दचकून उठलास आणि आयुष्यात एकदाच माझ्यावर हात उगारलास. मारलं नाहीस. म्हणालास, "झोपलेल्या मानसाला उठवाचा न्हाय. माझी झोप हाय म्हनून तुमची भाकर हाय." मी रडत सांगितलं, तुझा श्वास थांबला होता. तू परत आडवा होत म्हणालास, "धागा तुटला का लूम थांबतो, गाठ मारली का चालतो. तसाच हाय ते."

चार दिवसांनी तू रद्दीवाल्याकडून पुस्तकांचा गठ्ठा आणलास, सुतानं बांधलेला. चौथीनंतर माझी शाळा सुटली होती, ते तुझ्या मनाला लागत असावं. काही पुस्तकांना सुरुवातीची पानं नव्हती, काहींना शेवटची. तू एकच अट घातलीस, मोठ्यानं वाचायचं नाही, मनात वाचायचं. तुझी झोप मोडू नये म्हणून मी ओठ न हलवता वाचायला शिकले. तू झोपलास की घर माझं असायचं. तुझे ते सहा तास मी आयुष्यभर पुरवून वापरले.

पुढे तुझे जावई, माझे मालक, तेही लूमवरच. तेच रात्रपाळीहून सकाळी आठला येणं, तोच कापूस, तेच घोरणं. त्यांच्या जोडीचा कारागीर घरी आला की म्हणायचा, "भाभी, इसका इंजन तो लूम से भी तेज चलता है," आणि सगळे हसायचे. भाचीच्या लग्नात ते मंगलाष्टकं चालू असताना बसल्या बसल्या घोरले होते, ते वर्षभर पुरलं. उठले की डोकं जड, राग नाकाच्या शेंड्यावर. सात तास झोपून उठलेला माणूस दाढी करता करता पेंगतो, याचं मला कधी आश्चर्य वाटलं नाही, कारण मी तुला पाहिलं होतं. रक्तदाब वाढला म्हणून गोळ्या चालू झाल्या. झोप कशी लागते, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी छान म्हणाले असते.

ते गेले तोही शुक्रवारच. दुपारी. मी उंबऱ्याशी बसले होते, आत घोरणं चालू होतं. ते थांबलं. मग आलं. परत थांबलं. चार वाजता चहा घेऊन गेले तेव्हा अंग गार होतं. तू गेलास तेव्हा निदान आठवडाभर, अर्धं अंग लुळं घेऊन का होईना, आमच्याकडे पाहत होतास. यांनी डोळेच उघडले नाहीत.

वर्षभरानं वाचनालयात पेपरच्या पुरवणीत एक लेख वाचला. त्यात तुम्ही दोघेही होतात. गल्लीतल्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, असं घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. घसा मिटतो, श्वास अडतो, शरीर बुडणाऱ्या माणसासारखं पुन्हा पुन्हा वर येतं. माणसाला वाटतं झोप झाली, ती झालेली नसते. हृदयावर ताण पडतो, दाब वाढतो. मी विचारलं, त्यानंच गेले का? म्हणाले, आता सांगता येणार नाही. तेव्हापासून माझीही झोप गेली. लूमचा आवाज असला तर डोळा लागतो, शांत झालं की जाग येते.

आता तुझ्या नातवाचं. तू पाहिलंस तेव्हा रांगत होता. आता सव्वीसचा आहे, कशेळीच्या गोडाऊनवरून टेम्पो चालवतो. तिथली शेतं गेली, गोडाऊनच गोडाऊन झालीत. मागच्या आठवड्यात त्यानं उभ्या ट्रकला मागून धडक दिली. पुढची काच गेली, कपाळाला टाके पडले. म्हणाला, "आई, डोळे उघडेच होते गं." डॉक्टरकडे चल म्हटलं तर हसतो. घोरण्यासाठी कुणी डॉक्टरकडे जातं का, पोरं चिडवतील. त्याचीही रात्रीची ड्युटी. आज शुक्रवार, दुपार. तो आत झोपलाय आणि मी हे लिहितेय.

आता श्वास थांबलाय. मी मोजतेय.

आला.

बाबा, यांना का उठवलं नाही असं विचारणाऱ्याला मी तुझं नाव सांगत आले. माझ्या बापानं शिकवलं होतं, झोपलेल्याला उठवायचं नाही. लोक मान हलवतात. पण त्या दुपारी माझ्या हातात पुस्तक होतं आणि शेवटची दहा-बारा पानं उरली होती. ते जागे झाले असते तर चहा, जेवण, पुढची कामं. घोरणं थांबलेलं मला ऐकू आलं होतं. मी पान उलटलं. आणि आत्ता पोराचा श्वास थांबला तेव्हा माझ्या हातात पेन होतं.

हे काल इथवर लिहिलं. कुठे पाठवायचं नाही, गव्हाच्या डब्याखाली ठेवते. आज सकाळी तो ड्युटीवरून आला, जेवला, आडवा झाला. आज लूम चालू, म्हणून मी त्याच्या उशाशीच बसले. घोरणं थांबलं तेव्हा मी त्याला हलवून उठवलं. तो खूप चिडला. मी त्याच्या हातात शर्ट दिला आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले.