मावंद्याआधी सांगायचं ते

अहो,

'प्रिय' लिहायला हात धजला नाही. आपण कधी इतके लांब राहिलोच नाही की पत्र लिहायची वेळ यावी. म्हणून नुसतं अहो, रोज हाक मारायची तसं.

उद्या घरी मावंदं आहे. मी रामेश्वर करून आले म्हणून गावाला जेवण. जेवणाआधी लोक ओळीनं येतील, माझ्या पायांवर पाणी घालतील आणि पाया पडतील. सूनबाईनं त्यासाठी टँकरवाल्याला एक खेप जास्तीची सांगितली आहे. आता दुपार आहे, घरातले सगळे आडवे झालेत. उद्या लोक वाकायच्या आत तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्या कुणाला आधी सांगायची हिंमत नाही.

रामेश्वरात मी काहीही कमी केलं नाही. तुमच्या नावानं समुद्रात बुडी मारली, सगळ्या कुंडांचं पाणी डोक्यावर घेतलं, अभिषेक केला. तुम्ही किती वर्षं म्हणत होता, यंदा जाऊ, यंदा जाऊ! आणि दर उन्हाळ्यात दूध सोसायटीची जनावरं दुष्काळाच्या चारा छावणीत यायची, की तुमचा मुक्काम तिकडेच. तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि मीच निघाले, सोबतीला तुमच्या थोरल्या बहीण, आक्का. तिथं मी खूप रडले. ते खरं आहे.

पुढचं मात्र गावात कुणाला माहीत नाही.

परतीचं आरक्षण मिळालं ते चार दिवसांनंतरचं. मदुराईच्या स्टेशनवर आम्ही गाठोडी घेऊन बसलो होतो. धर्मशाळा शोधायची होती. आक्का म्हणाल्या, "धर्मशाळंत बसून काय माशा मारायच्या का? ती समोरची गाडी कुठं चाललीया, इचार की!"

मी विचारलं. कोचीला.

"मंग चल. बघू तरी काय हाय तिथं."

"आक्का, आपण यात्रेला आलोय."

"यात्रा झाली की! रडून बी झालं. आता अजून कावून रडायचं?" आणि त्या साध्या डब्यात चढल्यासुद्धा. मी काय करणार होते, सांगा? त्यांना एकटं सोडणार होते का?

पण हे खोटं आहे. मलाही जायचं होतं.

अहो, त्या गावात जिकडं बघावं तिकडं पाणी! शहरात खाडी आत शिरलेली, घरांच्या मागं पाणी, रस्त्याच्या कडेला पाणी, आणि दुपार कलली की वरूनही. आम्ही बोटीच्या धक्क्याजवळ सगळ्यात स्वस्त लॉज बघितलं. एक खोली, एक खाट, बाहेर मोरी. पहाटे नळाला पाणी दिसलं तशा आम्ही दोघी कामाला लागलो. बादल्या, तांब्या, पाण्याच्या बाटल्या, दशम्यांचा रिकामा डबासुद्धा भरून ठेवला. नळ काही बंद होईना. दिवसभर होईना! आक्का सारख्या जाऊन तोटी फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, "हाय अजून."

आंघोळीही आपल्या घरच्यासारख्याच केल्या, टबात बसून, एक थेंब बाहेर जाऊ न देता. मग आक्कांनी तो टब उचलला आणि बाहेर केळीच्या बुंध्याशी नेऊन ओतला. बाहेर पाऊस पडत होता. लॉजचा मालक छत्री धरून उभा होता. तो एकदा आकाशाकडे बघायचा, एकदा आक्कांकडे. मी पदर तोंडात कोंबून हसले. तुम्ही गेल्यापासून तशी हसले नव्हते.

ते पाणी नेताना तुमची आठवण झाली, असं लिहिता आलं असतं. घमेल्यात आंघोळ करून ते पाणी सोसायटीपुढच्या बदामाच्या झाडाला नेऊन घालायची सवय तुमचीच. पण नाही झाली आठवण. सवयीनं नेलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी बोटीत बसलो. सरकारी बोटीचं तिकीट इतकं कमी की आक्का पलीकडं गेल्यावर उतरायलाच तयार नव्हत्या. "बसू दे की! परत तिकडंच जायचंय ना?" असं म्हणून आम्ही दिवसभर इकडून तिकडं गेलो. कंडक्टर आम्हाला ओळखायला लागला. दुपारी जाड तांबड्या भाताचं ताट घेतलं. तो वाढणारा वाढतच राहिला आणि आम्ही खात राहिलो. आक्का म्हणाल्या, "भान्या असता तर छावणीतला चारा सरला म्हणून मधूनच माघारी गेला असता." मी हसले. तुमचं नाव निघालं आणि मी हसले, आणि पुढचा घास घेतला!

संध्याकाळी बोटीत वारा लागत होता. मी काठावर दिवे लागताना बघत होते आणि एकदम कठडा धरून खाली वाकले. सकाळपासून मला तुमची आठवणच आली नव्हती. वर्षभर असा एक दिवस गेला नाही. अजून चहा गाळताना दोन कप काढते मी. आणि इथं अख्खा दिवस? तुमचं नाव कानावर पडलं तरी नाही?

"काय झालं गं शकू? मळमळतंय का?"

मी त्यांना सांगितलं. वाटलं, थट्टा करतील. आक्का म्हणाल्या, "मला बी न्हाई आली. नाव घेतलं म्या त्याचं, पण तो गेलाय हेच ध्यानात न्हवतं. कडंवर खेळवलाय गं म्या त्याला." आणि इतका वेळ सगळ्या बोटीला हसवणारी ती बाई ढसाढसा रडायला लागली. मी त्यांचा हात धरून बसले. बोट धक्क्याला लागली तरी आम्ही उठलो नाही.

उतरताना डोळे पुसून त्या म्हणाल्या, "गावात बोलू नको. लोकं काय म्हनतील?"

वडवणीच्या स्टँडवर नामदेवतात्या न्यायला आले होते. तुमच्यापेक्षा वयानं मोठे, पण तुमच्या हाताखाली दूध मोजायचे म्हणून तुम्हाला दादाच म्हणायचे. मी गाडीतून उतरले तर भर स्टँडात त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "वैनी, दादासाठी लई केलंत तुमी. लई रडला असाल."

आक्का पटकन म्हणाल्या, "बोलूच नगा. डोळ्याचं पानी खळलं न्हाई हिच्या."

मी मान हलवली. त्या मान हलवण्याचं ओझं मला तेव्हापासून खाली ठेवता येत नाही. उद्या तसे किती लोक वाकणार! प्रत्येकाला वाटणार, ही नवऱ्याच्या दुःखात बुडी मारून आली. आणि माझ्या डोळ्यापुढं ती बोट असणार.

रागावाल का हो तुम्ही? की नुसतं विचाराल, नळ खरंच दिवसभर चालू होता का म्हणून? मला ते नळाचंच खरं वाटतं, आणि त्यानंच जास्त अपराधी वाटतं. तुम्ही ती बोट बघायला हवी होती. तुमच्या वाट्याचं मी एकटीनं घेऊन आले.

माझं ठरलं आहे. उद्या कुणी तांब्या उचलायच्या आत मी सगळ्यांसमोर सांगेन, की रामेश्वराहून आम्ही कोचीला गेलो, पोटभर जेवलो, हसलो, आणि एक दिवस मी तुम्हाला विसरले. भर सभेत मी कधी बोलले नाही, तुम्हाला माहीत आहे. उद्या बोलेन. त्यानंतर ज्याला वाकायचं तो वाकेल. पाणी मात्र परातीतच घालायला लावीन, आणि ते सगळं तुमच्या बदामाला नेऊन ओतीन. या वेळी आठवणीनं.

तुमची,
शकुंतला