मिथिलेशजींचा लाडू

शुक्रवार, संध्याकाळ. गाझियाबाद.

आज या नोकरीतला माझा शेवटचा दिवस. आईने केलेले बेसनाचे लाडू अख्ख्या मजल्यावर वाटले, फक्त एचआरच्या मिथिलेशजी मॅडमना मुद्दाम दिला नाही. सात वर्षं माझा प्रत्येक फॉर्म परत पाठवलाय त्यांनी! निघताना आयकार्ड जमा करायला गेले, तर घेईचनात. "पहले ये भरिए." पुन्हा फॉर्म? मी वैतागलेच. तर शांतपणे म्हणाल्या, "माँजी को शुगर है ना?"

ऑफिसचा आरोग्य विमा, ज्यात आईही होती, आजच संपणार होता. त्याआधी त्याच विमा कंपनीकडे स्वतःच्या पॉलिसीसाठी अर्ज केला, तर आईची विम्यातली आतापर्यंतची वर्षं धरली जातात. नाहीतर शुगरच्या उपचारांचे पैसे मिळायला पुन्हा पहिल्यापासून काही वर्षं थांबायचं. मला पत्ताच नव्हता. त्या शेजारी बसल्या, आईची चुकलेली जन्मतारीख मला खोडून नीट लिहायला लावली, आणि अर्ज पाठवूनच उठल्या.

घरी हे सगळं ऐकून आईचे डोळे भरून आले. मग म्हणाली, "त्यांना लाडू आवडला का गं?"

मी डबा उघडून पाहिला. डब्यात एक उरलाय. पण कार्ड तर जमा झालं, आत कोण सोडणार? सोमवारी गेटबाहेर उभी राहीन, त्या सुटेपर्यंत.