भिंतीला न बांधलेलं कपाट

आई, मला कामावरून काढलं. दोन स्क्रूंसाठी. आणि यात निम्मी चूक तुझी आहे, ती आज तुझ्या पदरात घातल्याशिवाय मी राहणार नाही. तू गेलीस तेव्हा मी सहावीत होतो, त्याला अकरा वर्षं झाली. कॉलेज दुसऱ्या वर्षात का सोडलं, कुठल्या सरांवर आवाज चढवला, ते सांगत बसत नाही. तू ऐकलं असतंस तर लाटणं फेकलं असतंस. परवापर्यंत मी वसई पूर्वेला एका गाळ्यात फिटर होतो. हॉलमधलं मॉड्युलर फर्निचर बनवतात तिथे. टीव्हीचं युनिट, ड्रॉवर, शटर, सगळं सुटं टेम्पोत भरायचं आणि लोकांच्या घरी जाऊन जोडायचं. जोडणारा मी. हा कागदसुद्धा तिथलाच, पाठकोरा. पुढच्या बाजूला एका युनिटचं ड्रॉइंग आहे, तिनं काढलेलं. ती कोण ते सांगतो, घाई करू नकोस.

एव्हरशाईनमधलं घर, चौथा मजला. नवराबायको दोघं नोकरीवाले, घरात साहेबांची आई आणि अडीच वर्षांची पोरगी. युनिट माझ्या डोक्याहून उंच. खाली तीन खोल ड्रॉवर, मध्ये टीव्ही, वर काचेची कपाटं. मी जोडून उभं केलं, पिशवीतून माझी स्वतःची, भिंतीला बांधायची लोखंडी पट्टी काढली आणि ड्रिल लावायला गेलो, तर साहेब आडवे. मागच्या भिंतीवर त्यांनी उभ्या पट्ट्यांचं नवीन पॅनेल बसवून घेतलं होतं. ‘त्याला हात लावायचा नाही हं. युनिट स्वतःच्या वजनावर उभं राहतं ना? मग झालं.’ मी म्हटलं, ‘साहेब, बाळ आहे घरात.’ तर म्हणाले, ‘आमची मुलगी शहाणी आहे, असलं काही करत नाही.’ आणि आई, शप्पथ सांगतो, त्याच क्षणी ती शहाणी मुलगी खालचा ड्रॉवर ओढून त्यात एक पाय टाकून उभी होती! आजींनी धावत जाऊन उचललं. ती वर बोट दाखवून रडायला लागली. वर काय? तिची खेळणी. आमची बोलणी चालू असतानाच तिच्या आईनं बाहुली, ठोकळे, गाडी, सगळं सर्वांत वरच्या काचेच्या कपाटात नीट मांडूनही टाकलं होतं. पसारा नको म्हणून. खालचे ड्रॉवर मात्र कुलूपवाले हवे होते, कारण त्यात मोठ्यांच्या वस्तू.

मग माझं डोकं फिरलं. मी तिन्ही ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढले आणि खालच्यावर नुसता तळहात दाबला. युनिटची मागची कड जमिनीवरून बोटभर उचलली गेली. वरची काच खडखडली. ‘बघा,’ मी म्हटलं. साहेब पांढरे पडले, आणि पुढच्या मिनिटाला लाल. ‘म्हणजे माल खराब आहे तुमचा!’ आता याला काय म्हणायचं? माल चांगला आहे. पण ड्रॉवरला चाकं लावून तुम्हीच जिना बनवायचा, जिन्याच्या वरच्या टोकाला बाहुली ठेवायची, आणि पोर चढलं की पोरालाच हट्टी म्हणायचं. वर आजींना सांगायचं, ‘आई, तुम्ही लक्ष ठेवा.’ त्यांचे गुडघे धड वाकत नाहीत, आणि दोन स्क्रूंचं काम त्यांच्या डोळ्यांनी करायचं!

मला तेव्हा उमेळ्याची तुझी बालवाडी आठवत होती. बावखलाच्या काठची ती एक खोली, तळ्याचं हिरवं पाणी खिडकीतून दिसायचं, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तू पदर खोचून जमिनीवर गुडघे टेकायचीस. गुडघ्यांवर अख्खी खोली फिरायचीस. मीही मागे. ‘उभं राहून दिसत नाही,’ म्हणायचीस, ‘त्यांच्या उंचीला ये.’ आणि खरंच, बाकाच्या खालून आलेला खिळा, रॅकचा टोकदार कोपरा, सगळं तिथूनच सापडायचं. कोपऱ्यावर तू जुन्या चादरीची घडी शिवून टाकायचीस. आणि तो खडूंचा दिवस. मी आठ वर्षांचा, तुझा मदतनीस म्हणून मिरवणारा. पोरं खडू मोडतात म्हणून मी डबा उचलून रॅकच्या डोक्यावर ठेवला. थोड्या वेळानं एक पोरगा फळ्यांवर पाय देत वर चढतोय, रॅक पुढे झुकतंय, आणि तू धावत येऊन खांदा लावतेस. मी त्या पोराच्या पाठीत एक धपाटा घातला. तू माझा हात धरलास.

‘त्याला का मारलंस?’

‘चढला तो.’

‘डबा वर कुणी ठेवला?’

‘मी. मोडतात ते खडू.’

‘मग मोडू देत. त्याला हवं ते त्याला दिसतंय आणि हात पोचत नाही, तर तो चढणार नाही तर काय करणार? जा, सगळं खालच्या फळीवर आण.’

सगळ्यांसमोर मला सगळं खाली आणायला लावलंस. मग काथ्याची दोरी घेऊन ते रॅक खिडकीच्या गजाला बांधलंस, गाठ तीनदा ओढून बघितलीस. मी आठवडाभर तुझ्यावर रागावलो होतो. आता कळतंय, त्या दिवशी तू माझं पुढचं सगळं आयुष्य बिघडवून ठेवलंस. नाहीतर मीही इतर फिटरांसारखा युनिट उभं करून, पुसून, चहा पिऊन निघालो असतो.

साहेबांनी तिथूनच शेठला फोन लावला. शेठ मला म्हणाला, ‘अरे, तू फिटर आहेस की नगरसेवक? पोराचा बाप नको म्हणतोय ना? तू कोण?’ आणि कस्टमरला शांत करायला तिला पाठवलं. तर ती. आमच्या गाळ्याच्या माळ्यावर बसून ड्रॉइंग करते. आई, मी दोन महिने डबा खाली न खाता माळ्याच्या पायऱ्यांवर बसून खाल्लाय, एवढ्यात समजून घे. तिला वाटतं मला पंखा लागतो. तिच्या मूळ ड्रॉइंगमध्ये सगळं होतं, बरं का. भिंतीची पट्टी होती, आणि सर्वांत खाली बिनदाराचा उघडा कप्पा, ‘बाळाचा’ असं तिच्या अक्षरात लिहिलेलं. साहेबांच्या बायकोनं तो कप्पा खोडायला लावला आणि शेठनं पट्टी. ती आली, गोड बोलली, साहेब थंड झाले. मग एक कागद लिहिला: ग्राहकाच्या इच्छेनुसार युनिट भिंतीला बांधलेलं नाही. खाली साहेबांची सही, तिची सही, आणि फिटर म्हणून माझी. मी म्हटलं, मेलो तरी करणार नाही. ती मला लिफ्टजवळ घेऊन गेली. ‘तुझं बरोबर आहे,’ म्हणाली, ‘पण तू प्रत्येक घरात भांडतोस. उद्या मला पाठवणार नाहीत तुझ्यामागे निस्तरायला.’ आणि मग हळूच, ‘माझ्यासाठी कर ना.’

केली मी सही. माझं पूर्ण नाव, तुझ्या नवऱ्याच्या आडनावासकट.

चार दिवस जेवण गेलं नाही. खोटं कशाला, जेवण गेलं, झोप आली नाही. रविवारी दुपारी ड्रिल घेऊन निघालो. वाटेत ठरवलं होतं की साहेबांच्या तोंडावर कागद फाडेन, वगैरे. दार आजींनी उघडलं. दोघं मॉलमध्ये गेलेले, पोरगी झोपलेली. आजी साताऱ्याकडच्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, ‘आलास व्हय? मी वाटच बघत हुते. काल पुन्हा चढली. कुलूप लावायचं कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय! मी नुसती इथनं वरडत हुते, उठंस्तवर ती दुसऱ्या ड्रॉवरवर.’ मी म्हटलं, ‘साहेबांना विचारायला हवं.’ ‘त्येला मी जन्म दिलाय. तू मार भोकं.’

वरच्या कडेला, काचेच्या कपाटांच्या माथ्यावर, खालून कुणाला दिसणार नाही अशा जागी पॅनेलमधून थेट भिंतीत दोन भोकं पाडली, लांब स्क्रू घेतले, पट्टी आवळली. ड्रिलच्या आवाजानं पोरगी उठली आणि दारात येऊन बघत उभी राहिली. आजींनी खाली वर्तमानपत्र धरलं होतं धूळ झेलायला. मग सर्वांत खालच्या ड्रॉवरचं कुलूप काढून टाकलं, तो रिकामा केला, त्यात वरची खेळणी आणून ठेवली. पोरगी आली, ड्रॉवर ओढला, बाहुली घेतली, ड्रॉवर ढकलला. चढली नाही. वर बघितलंसुद्धा नाही. आजी म्हणाल्या, ‘आता मला जरा बसाया मिळंल.’

संध्याकाळी साहेब आल्यावर आजींनी स्वतःच कौतुकानं सांगितलं. सोमवारी शेठनं मला सगळ्यांसमोर उभं केलं. ‘लोकांच्या घरात घुसून भिंती फोडतोस? लिहून दिलं होतंस ना तू? पिशवी उचल.’ मीही बोललो, जे बोलायचं नव्हतं तेही. पट्टी काढायला मात्र साहेबांनी कुणाला बोलावलेलं नाही, हे मी टेम्पोवाल्याकडून काढून घेतलंय. म्हणजे मी बरोबर होतो हे त्या माणसाला कळलंय आणि तरी त्यानं शेठला एक फोन केला नाही! आणि ती? माळ्याच्या कठड्याशी आली, खाली बघितलं, परत आत गेली. तिला बोलणी बसली असणार माझ्यामुळे. पण एक शब्द, आई. एक मेसेज.

हे कुठं टाकणार मी? उमेळ्यातली ती खोली पाडून तिथे बिल्डिंग झालीय, खाली पार्किंग आहे. तुझा पत्ता असा काही उरलेलाच नाही, तेव्हा हे घडी करून टूलबॅगच्या तळाला जाईल. पण बाकी सगळ्यांवर एवढा ओरडलोय तर हेही लिहून टाकतो. तुला वाटेल, पोरगा माझं ऐकून त्या लेकरासाठी गेला. तसं मी आजींनाही भासवलं. पण स्टुलावर चढून भिंतीला ड्रिल लावलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती पोरगी नव्हती. हे माळ्यावर तिला कळेल, मग ती फोन करेल, काय म्हणेल, मी काय म्हणेन, एवढंच चाललं होतं. पहिला स्क्रू त्या नादात वाकडा गेला. तो काढून पुन्हा मारला.