भट्टीवरचा गूळ

आप्पा, परवा एक माणूस आला आणि आपल्या मागच्या अंगणातली माती प्लास्टिकच्या पिशवीत भरून घेऊन गेला. हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं, आणि खुरप्यानं असा हळूहळू उकरत होता की शेजारणी भिंतीवरून बघायला लागल्या. तुम्ही असते तर त्याला आधी चहा पाजला असता आणि मंग विचारलं असतं, "काय साहेब, सोनं लागलं का हाताला?" मी चहाही विचारला नाही. त्या पिशवीत काय निघणार ते मला आधीच माहीत होतं. जिथं तुमची भट्टी होती, बराबर तिथलीच माती त्यानं घेतली, आणि न्हाणीच्या वाटेवरची, जिथं माझा पोरगा रांगायला शिकला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण भट्टीचा काळा डाग काही जात नाही. दोनदा शेण टाकून सारवलं, एकदा मुरूम टाकला, पाऊस झाला की डाग वर येतो.

हे मी कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत लिहून राह्यले. तुम्हाला माहीत नसेल, मी बियाणाच्या कंपनीत लागले. ओल्या कागदात दाणे गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी उलगडून कोंब आले का ते बघायचं, एवढंच काम. बसून असतं, उन्हात नाही, तुम्हाला बरं वाटलं असतं. घरी लिहायची सोय नाही. घरात कुणी गप बसलेलं दिसलं की पोराचं डोकं फिरतं. काय लिहिती, कुणाला लिहिती, माझंच लिहिती ना, असं करत कागद ओढून घेतो. पंधरा वर्षांचा झालाय तो आता. उंची तुमच्यावर गेली, आणि माझ्या हातात एकच गोष्ट उरली आहे, त्याला भट्टीपासून लांब ठेवायची. तेवढं जमलं तरी पुष्कळ झालं, असं मी मनाला सांगते.

तुमची सकाळ मला अजून दिसते. मस्तगडातून हातगाडीवर मेलेल्या बॅटऱ्या येतात, ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या. तुम्ही एकेक आडवी पाडता, हातोडीनं डबडं फोडता, तेजाब नालीत सोडता आणि आतल्या प्लेटा उपसून कढईत टाकता. शिसं वितळलं की त्यावर जी साय येते ती पळीनं बाजूला करता आणि खालचं चांदीसारखं शिसं साच्यात ओतता. मी पायरीवर बसून बघते. आई आतून ओरडते की पोरीला धुरात बसवू नका, आणि तुम्ही म्हणता, "बसू दे, गूळ खाल्ला की झालं." भट्टीवर बसणाऱ्यानं गूळ खायचाच, हा तुमच्या धंद्याचा नेम. धूर घशात बसतो, गूळ त्याला खाली ओढतो, सकाळी पोट साफ. तुमच्या उस्तादानं तुम्हाला सांगितलेलं, त्याला त्याच्या उस्तादानं. कोनाड्यात कागदात बांधलेली ढेप असायची. ज्या हातोडीनं बॅटरी फोडली तिनंच गूळ फोडायचा, आणि त्याच हातानं पहिला खडा माझ्या तळहातावर. "घे माय, आधी तू खा." मंग तुमचा. माझ्या आधी तुम्ही कधी गूळ तोंडात टाकला नाही, तापात असतानासुद्धा नाही.

एकदा मी तो खडा धुतला होता, आठवतं का? तिसरीत असेन. शाळेत बाईंनी सांगितलेलं, खाण्याआधी सगळं धुवायचं. खड्यावर तुमच्या अंगठ्याचा करडा ठसा होता, म्हणून मी तो नळाखाली धरला. पाणी पिवळं झालं, खडा विरघळायला लागला आणि तुम्ही मागून आले. तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नाही, पण त्या दिवशी जे बोलले ते लागलं. "बापाच्या हाताची घाण वाटती का तुला? गूळ कुणी धुतं का कधी?" संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत माझ्याशी. दुसऱ्या दिवशी मी खडा तसाच तोंडात टाकला, तुमच्या डोळ्यासमोर, आणि तुम्ही हसले. पुन्हा कधी धुतला नाही. बाळंतपणाला माहेरी आले तेव्हाही नाही. सातव्या महिन्यापासून रोज एक खडा, आता दोघं खाणार म्हणून जरा मोठा. तोवर तुमचं उजवं मनगट लटकायला लागलं होतं. बशी हातातून निसटायची, पोटात मुरडा यायचा, हिरड्यांवर निळसर रेघ आल्ती. तुम्ही म्हणायचे, हातावरून वारं गेलं. आम्हीही वारंच म्हणालो.

पोरगा दोन वर्षांचा असताना तुम्ही गेले. आईही पाठोपाठ गेली. मंग आम्ही तुमच्याच घरात राह्यला आलो, घराला कुणीतरी पाहिजे म्हणून. लहानपणी तो गरीब होता हो. नुसता गरीब. आकडे डोक्यात राहायचे नाहीत, पण शिकवायला बसलं की गळ्यात पडायचा. सातवीनंतर काय झालं कुणास ठाऊक. बसायचाच नाही एका जागी. सांगितलेलं काम अर्ध्यात सोडायचा, आणि राग असा की ताट उडालं तरी त्याला कळायचं नाही की आपणच उडवलं. तुमचे जावई सळयांच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी, आले की पट्टा काढायचे. सासूबाई भोकरदनहून आल्या आणि मीठ-मोहऱ्या उतरवून गेल्या. जांब समर्थला नेऊन आणला, तिथं तो मंदिराच्या पायरीवर गप बसून राह्यला आणि मला वाटलं झालं, निवळला. पुढच्याच आठवड्यात त्यानं वर्गातल्या पोराच्या गालात कर्कटक खुपसलं. पेन घेतला म्हणून. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुमचं पोरगं वाईट न्हाई, पण त्याला लगामच न्हाई." तोंड दाखवायला जागा उरली नाही.

त्यांच्याच ओळखीनं संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी शाळेचं काही विचारलं नाही. घरात बॅटरीचं काम कुणी करत होतं का, असं विचारलं. मी मोठ्या अभिमानानं म्हणाले, माझे वडील, सगळ्या जालन्यात त्यांच्या शिशाला तोड नव्हती. बाईंनी मान खाली घातली आणि रक्त काढायला सांगितलं. रिपोर्ट आल्यावर त्यांनी पोरासमोरच सगळं सांगितलं, आणि मी त्यांना अडवलं नाही. शिसं रक्तात जातं, रक्तातून हाडात जाऊन बसतं. बाई गरोदर राहिली की हाडातलं सुटतं आणि पोटातल्या बाळाकडे जातं. मंग आपलं अंगण, तिथली माती. डोक्याचा पुढचा भाग, जो माणसाला थांब म्हणतो, जरा विचार कर म्हणतो, तो या वयातही घडत असतो, आणि शिसं त्या घडण्यातच शिरतं. लहानपणी फार दिसत नाही. मोठं व्हायची वेळ आली की दिसतं. सगळा राग शिशाचाच असं छातीठोक सांगता येत नाही, हेही त्या म्हणाल्या, पण बोट तिकडंच जातं. मी विचारलं, औषध आहे ना? त्या म्हणाल्या, "नवीन शिसं जाऊ द्यायचं नाही, खाणंपिणं नीट ठेवायचं, रक्तातलं उतरेल. पण जे घडायचं राहून गेलं, ते परत नाही घडत, ताई." चांगल्या बाई होत्या, खोटं बोलल्या नाहीत. मला त्या क्षणी त्यांचा राग आला.

येताना एसटीत तो खिडकीशी बसला होता. बदनापूर गेल्यावर म्हणाला, "आई, मला कळतं सगळं. आता मारायचं न्हाई, हे मला माहीत असतं. पण मला कळस्तोवर हात जाऊन आलेला असतो." मी त्याचा हात धरून बसले. मंग त्यानं विचारलं, "आप्पांमुळं झालं का?" आप्पा, मी खोटं सांगितलं नाही. हो म्हणाले. आप्पांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, असं सांगितलं. गुळाचंही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता भिईल तरी.

भ्याला नाही. दिवाळीनंतर शाळा सोडून दिली आणि औद्योगिक वसाहतीच्या मागं एक भट्टी आहे तिथं जायला लागला. तुमच्या हाताखाली शिकलेल्या माणसाचीच आहे ती. मी गेले, सगळ्यांसमोर भांडले, त्याला हाताला धरून आणला. तो पुन्हा गेला. मी पुन्हा गेले. तुमचा तो शागीर्द हात जोडून म्हणाला, "ताई, मी बोलावलं न्हाई त्याला. पण पोराचा हात बघा, आप्पांचाच हात हाय. इथं तो भांडत न्हाई, काही न्हाई." आणि खरं सांगू, मी लांबून बघत उभी राह्यले तेव्हा माझा पोरगा कढईवरची साय पळीनं काढत होता आणि त्याचा चेहरा शांत होता. शाळेत कधी पाहिला नाही असा शांत. घरी आल्यावर मी रडले, ओरडले, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तो म्हणाला, "जे गेलं ते परत येत न्हाई म्हणल्या ना डॉक्टरीणबाई? मंग आता भट्टीवर गेलं काय अन् न गेलं काय? तिथं मला कुणी येडा म्हणत न्हाई." अजून आत जाईल, अजून बिघडेल, तुझी पोरं होतील त्यांच्या वाट्याला येईल, सगळं बोलले मी. माझ्या तोंडचे शब्द मलाच पोकळ वाटत होते. त्याला ज्या एका जागी माणसासारखं वाटतं, तीच जागा त्याला खाऊन राह्यली, आणि तिच्या बदल्यात द्यायला माझ्याकडं काहीच नाही.

तुमच्यावर रागवावं म्हणून लिहायला बसले होते. डॉक्टरीणबाईंनी माती तपासायला धाडलेला तो माणूस गेला तेव्हा ठरवलंच होतं, की आज आप्पांना सगळं सुनवायचं. पण सुनवू काय? तुम्ही विष दिलं असतं तर भांडले असते. तुम्ही गूळ दिला. हा कागद टपालात टाकायचा नाही हे मला कळतं, सुट्टी संपली की वाया गेलेल्या दाण्यांच्या टोपलीत जाईल. म्हणून कालचंही सांगून टाकते.

काल तो दिवस मावळायच्या आत घरी आला. कधी नव्हे ते दार आपटलं नाही. मी पायरीवर भाजी निवडत होते, तो शेजारी येऊन बसला. खिशातून कागदाची पुडी काढली. तुमचा शागीर्द अजून नेम पाळतो, भट्टीवर सगळ्यांना गूळ वाटतो. यानं आपला वाटा खाल्ला नव्हता, तसाच घरी आणला होता. त्याचा एक तुकडा मोडून माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "घे आई. आधी तू खा." हे वाक्य त्याला मी कधी सांगितलं नव्हतं. वर्षभरात माझ्याशी इतक्या हळू तो बोलला नव्हता. खड्यावर त्याच्या अंगठ्याचा करडा ठसा होता. नळ हाताच्या अंतरावर होता आणि मला आता सगळं माहीत आहे.

मी तो धुतला नाही, आप्पा. तसाच खाल्ला.